गुडघ्याच्या वर नको

सावली पडेल असं काही नको,
तारेला शिवेल असं काही नको,
आणि गुडघ्याच्या वर तर काहीच नको.
उपकेंद्राच्या भिंतीवरच्या नियमांत हे असं लिहिलेलं नाही,
पण दस्तगीर मुलाणी चार्ज देताना असंच म्हणाले.

सही घेतली : बॅटरीचे सेल पंधरा, टॉर्च एक,
रबरी हातमोजे एक जोडी, डाव्याला भोक.
आणि यादीत नसलेल्या
जुन्या लॉगशीटच्या सात पुड्या.
पुडीवर फुलाचं नाव नाही.
तारीख, आणि त्या दिवशीचं ऊन.
'१४ मार्च. ३९. केशरी.'
'२ एप्रिल. ४२. हिला कमी पाणी. जास्त दिलं की रुसते.'

मी पलूसची. आमच्याकडे नदी आहे.
इथं दिघंची रोडला खडी तापते, कुंपणाची जाळी तापते,
दुपारी दोनला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लिहिताना
पेन बोटातून निसटतं.
इथं फुलं म्हणजे माणसाला लागलेला चळ,
असं मी पहिल्या आठवड्यात
आईला फोनवर सांगितलं.

तरी पाडव्याला पेरली.
झिनियाचं बी चपटं, एका टोकाला अणकुचीदार.
ऑफिस-टाइमचं तर नुसती राखाडी भुकटी,
शिंकले असते तर सगळी बाग गेली असती.
सातव्या पुडीत गलांडा निघाला.
तो कुणी न सांगता उगवला
आणि कुणाला न विचारता पसरला.

उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यांत रोज पाणी ओतावं लागतं.
जमीन कोरडी पडली तर वीज तिच्यात उतरत नाही.
लाइनमन बिरा हाके म्हणाला,
"मॅडम, त्या कडेला काय लावू नगासा,
खड्ड्यात मीठ-कोळसा हाय."
मी त्या कडेला काही लावलं नव्हतं.
भुकटी वाऱ्यानं गेली असणार.
ऑफिस-टाइम सगळ्यात दाट तिथंच आला,
मिठाच्या खड्ड्याला गुलाबी काठ.

सकाळी दहाची नोंद करायला उठते
तेव्हा तोही उघडतो.
ढग असले तर उघडतच नाही,
दिवसभर मूठ मिटून बसतो.
मला तशी रजा मिळत नाही.

एप्रिलच्या अखेरीस फिडर दोन रात्री बंद होता.
डाळिंबवाले पंचवीस-तीस जण फाटकाशी आले.
पुढे यशवंत गळवे, आवाज असा
की आतल्या खिडकीची काच थरथरली.
बागा जळाल्या तर जबाबदार कोण, साहेब कुठंय,
बाईमाणूस बसवलंय पुढं...
बोलता बोलता त्याची नजर खाली गेली.
वाकला. झिनियाचं पान उलटं केलं.
"वरनं पाणी मारता व्हय? भुरी आलीया.
मुळाला द्या. आन् दाटी काढा, वारं खेळाय पायजे."
मग उभा राहिला
आणि उरलेल्या शिव्या जिथं सोडल्या होत्या तिथून पुढे सुरू केल्या.

मी दाटी काढली.
उपटलेली रोपं फेकवेनात,
तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली. त्यातली चार जगली.
शेंडे खुडले. खुडताना दर वेळी वाटतं, आता संपलं,
आणि आठवड्यात दोन्ही बगलांतून फुटवे.
वाळलेली फुलं रोज काढते.
नाही काढली तर झाडाला वाटतं आपलं काम झालं,
आणि ते जीव सोडतं.
काही मात्र राहू देते. पुड्यांसाठी.

मुलाणींना फोन केला. ते आता जतला.
"तिथं कसं आहे?"
"खडी," म्हणाले. "नुसती खडी."
आवाज चांगला खूष होता.

आज २३ मे. ४३.
एक झिनिया सगळ्यांना सोडून वर गेलाय, कमरेएवढा,
लाल, वाटीएवढं फूल, भर उन्हात जराही न लवता.
नियमानं कापायला हवा.
कात्री घेऊन गेले तर बिरा आधीच तिथं उभा,
पाय फुलाशेजारी लावून मापतोय.
सहा फुटी माणूस, त्यात दगडावर चढलेला.
"मॅडम," म्हणाला,
"मुलाणीसायबांनी कुणाचा गुडघा सांगितला हुता?"